मागच्या बाकावरून

रविवार, रात्र

दिवसभर एका खासदाराचे जुने लेखी प्रश्न वाचत बसलो. गृहस्थ कायम मागच्या बाकावर, टीव्हीवर कधी न दिसणारे. भाषणं थोडीच. पक्षाच्या वाट्याला आलेल्या वेळातली उरलीसुरली तीन-चार मिनिटं, तेवढ्यात घंटा. त्यात वाचण्यासारखं फारसं नाही.

लेखी प्रश्नांत मात्र हाच माणूस हट्टी. आधी विचारलं, योजनेला रक्कम किती मंजूर झाली. पुढच्या अधिवेशनात, खर्च किती झाला. मग राज्यवार तपशील द्या. मंत्री बदलले, तरी यांनी विषय सोडला नाही. उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की खात्याचेच आकडे एकमेकांशी भांडू लागतात.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकिताला मान मोठा: मंत्री उभे राहून उत्तर देतात, पुरवणी प्रश्न विचारता येतो. पण नंबर सोडतीवर, आणि अकरा वाजता गोंधळ झाला की प्रश्नोत्तराचा तास गेलाच. अतारांकिताचं उत्तर लेखीच, ते गोंधळातही पटलावर येतं. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तेव्हाही अतारांकित प्रश्न चालू होते.

‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.’ हे वाचून मी चिडतो. पण असं उत्तर आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर सभागृहाच्या समितीची नजर असते. आमच्या गृहस्थांना हे पक्कं ठाऊक असावं. असं उत्तर मिळालं की थोड्या दिवसांनी त्याच माहितीचं काय झालं, असा नवा प्रश्न हजर!

म्हणून नुसती प्रश्नसंख्या मोजून खासदारांचे क्रमांक लावणं मला पटत नाही. एकाच प्रश्नाखाली कधी कधी पाच-सहा नावं असतात. त्यातलं कुणाला खरंच उत्तर हवं होतं, हे संख्येवरून कसं कळणार?

फिरोज गांधी तर सत्ताधारी बाकांवर बसायचे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, हे त्यांनी डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत लावून धरलं. सरकार सासऱ्यांचं, नेहरूंचं! चौकशीला न्यायमूर्ती छागला बसले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. आज त्या बाकांवरून येणारे बरेचसे प्रश्न वाचताना वाटतं, हे मंत्र्यांना योजनेचं कौतुक सांगता यावं म्हणूनच विचारलेत.