क्योतोतल्या मांत्रिकाच्या देवळात

क्योतो स्टेशनहून ९ नंबरची बस पकडली. मागच्या दाराने चढायचं, पैसे उतरताना ड्रायव्हरशेजारच्या डब्यात टाकायचे. डबा उरलेले पैसे परत देत नाही. त्यालाच जोडलेल्या यंत्रात हजाराची नोट घालून आधी सुट्टे करून घ्यायचे, हे मला कळेपर्यंत मागे रांग लागली होती. कुणी चकार शब्द काढला नाही, त्यामुळे जास्तच ओशाळायला झालं.

सेइमेई जिंजा, म्हणजे सेइमेई नावाच्या मांत्रिकाचं देऊळ, हमरस्त्याला लागूनच आहे आणि इतकं लहान, की बोलत चाललात तर मागे पडेल. कमानीवर नाव नाही, नुसती सोनेरी पंचकोनी चांदणी. आबे नो सेइमेईची ही खूण. मांत्रिक म्हणून तो गाजला, पण नोकरी दरबारी ज्योतिषाची: ग्रह-तारे बघायचे, मुहूर्त काढायचे. त्याची आई कोल्हीण होती असंही लोक सांगत. 1005 साली तो गेला आणि दोन वर्षांनी सम्राट इचिजोने त्याचं घर होतं असं मानतात त्या जागी हे देऊळ उभारलं.

आत शिरताना हात धुवायचे: आधी डावा, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ. मी सवयीने आचमन केल्यासारखं पाणी गिळूनच टाकलं. शेजारच्या आजींनी हसू दाबत चूळ थुंकून दाखवली. पुढे मी त्यांच्याच मागे राहिलो. नाणं टाकलं, दोनदा वाकलो, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकलो.

विहिरीवरही तीच चांदणी. तिच्या एका टोकातून पाणी येतं आणि दर फेब्रुवारीत, वसंतारंभाच्या दिवशी, त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे ते टोक वळवतात. पण माझा जीव रमला तो धातूच्या पीच फळापाशी. अंगातली पीडा त्याला चोळून द्यायची. हजारो हातांनी घासून ते लख्ख झालंय. आपल्याकडे दृष्ट काढलेलं मीठ-मिरची चुलीत तरी जाते. हे बिचारं सगळ्यांची पीडा घेऊन उन्हात बसलेलं.

जवळच इचिजो मोदोरीबाशी, म्हणजे ‘परतीचा पूल’. इथे एका मुलाच्या प्रार्थनेने त्याचा मेलेला बाप तिरडीवर उठून बसला, अशी दंतकथा. सेइमेईच्या बायकोला त्याच्या हाताखालच्या भुतांच्या चेहऱ्यांची भीती वाटायची, म्हणून तो त्यांना याच पुलाखाली ठेवायचा. नवरी माहेरी परत येऊ नये म्हणून लग्नाची मंडळी हा पूल टाळतात, असं मी बायकोला सांगितलं.

“अकरा वर्षं झाली, आता कुठे जाते,” म्हणत ती माझ्याआधी पलीकडे पोचलीसुद्धा.