करंजी कोणी हलवली?

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टपरीवरचं दूध लवकर संपतं, कारण भेंडवळचं भाकीत आलेलं असतं.

भेंडवळ बुलढाणा जिल्ह्यातलं, जळगाव जामोद तालुक्यातलं. आखाजीच्या संध्याकाळी तिथे गावाबाहेर शेतात घट मांडतात. मधे खड्ड्यात मातीची ४ ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे ४ महिने. वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, पुरी, कुरडई, करंजी. भोवती १८ प्रकारची धान्यं. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, ते बघून पाऊस, पिकं आणि थेट देशाची तिजोरी सांगतात. तिजोरी म्हणजे करंजी. राजा म्हणजे पानविडा.

अंनिसवाले यावर टीका करतात हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हणून कोणी चहा सोडून घरी जात नाही.

“करंजी हालली म्हन्तेत.”

“हालनारच. मुंगी लागली असंन.”

“मंग मुंगी म्हंजे कोन?”

झालं! एक म्हणाला महागाई, दुसरा म्हणाला जीएसटी. कोपऱ्यातले बाप्पू हळूच “सावकार” म्हणाले, तेव्हा मात्र दोन घोट कोणी बोललं नाही.

मग गुरुजींनी मोबाइल काढला. हवामान खात्याच्या हिशेबात सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सामान्य, आणि सरासरी ८७ सेंटिमीटर.

“८७ कोठी? माह्या वावरात?”

“नाही हो, देशभरात.”

“मंग देशानं पेरावं. मी थांबतो.”

याला गुरुजींकडे उत्तर नव्हतं. पुढे विषय मृग नक्षत्राच्या वाहनावर गेला. बेडूक, म्हैस ठीक. गाढवाचं नाव निघालं की चर्चा हमखास कोणाच्या तरी जावयावर घसरते, तशी ती घसरलीच.

मी चार बुकं शिकलेला. या भानगडीत पडायचं नाही असं ठरवून शेवटपर्यंत नुसता हसत बसलो होतो. पैसे दिले, गाडीला किक मारली, पाच पावलांवर जाऊन पुन्हा बंद केली.

“बाप्पू, जूनचं ढेकूळ कितीक भिजलं म्हन्तेत?”

“काहून रे?”

“नाही, सरकीच्या दोन थैल्या आनून ठेवल्या हायेत.”


“बस मंग,” बाप्पू सरकून जागा करत म्हणाले.