भिंतीतला मुंजा

महामार्ग स्टँडला एसटीतून उतरले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. रिक्षावाल्यानं रविवार कारंजापर्यंत आणून सोडलं. पुढच्या बोळांत शनिवारी संध्याकाळी रिक्षा घालायला कुणी तयार होत नाही. चांदीच्या गणपतीला हात जोडले, सरकारवाड्याच्या बाजूनं सराफ बाजाराकडे उतरले आणि पाय आपोआप मावशीच्या बोळात वळले. पंचवीस वर्षांनी येत होते, तरी कुठल्या पायरीला घसरायला होतं ते पायांना आठवत होतं.

दिंडीदरवाजावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली. इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. जुन्या नाशिकच्या वाड्यांना दर पावसाळ्याच्या तोंडी अशा नोटिसा लागतात आणि तरी एखादी भिंत कोसळल्याची बातमी येतेच. ही नोटीस लागल्याचं कळलं म्हणून तर मी आले होते. लहानपणी ज्याला घाबरून मी मावशीच्या कुशीत शिरायचे, तो वाड्यातला मुंजा मला एकदा परत पाहायचा होता.

मुंज झालेली पण सोडमुंज न झालेली अशा वयात मुलगा गेला, तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. या वाड्यातला मुंजा पिलेगातला, म्हणजे प्लेगच्या साथीतला, असं मावशी सांगते. मालकांच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा. घर सोडून सगळे गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले, याला मात्र आधीच गाठ आली होती. तो वाड्यातच गेला. नंतर मागच्या भिंतीत पिंपळ उगवला आणि लोक म्हणाले, परत आला.

गोष्ट ऐकीव आहे, पण तो काळ खरा. 1899 मध्ये इथून जवळच भगूरला सावरकरांचे वडील प्लेगनंच गेले. त्या साथीत या बोळांतली किती दारं बंद झाली असतील! बंद दारामागे काय झालं हे बाहेरच्यांना दिसत नाही, मग त्याची गोष्ट होते. शेजारच्या वाड्यात आडात उडी घेतलेली बाई आहे, पलीकडे बळदातल्या धनावर बसलेला नाग आहे. मला मात्र कायम आमच्या मुंजाचंच वाईट वाटत आलंय. तो कुणाला झपाटत नाही. रात्री माळ्यावर नुसता पळतो.

त्या रात्री मी ते पळणं पुन्हा ऐकलं. दिवसभर तापलेलं सागवान रात्री आकसतं आणि तुळया कडकड वाजतात, कडीपाटाच्या पोकळीत उंदीर धावतात, गव्हाणी घुबड चिरकतं. हे सगळं मला आता ठाऊक आहे. तरी दोनच्या सुमाराला डोक्यावर धडधड झाली तेव्हा मी मावशीचा हात धरला. ती झोपेतच म्हणाली, "खेळू दे त्याला. झोप."

सकाळी चहा घेताना मी विषय काढला. "मावशी, तू नवीन नाशिकला दादाकडे का जात नाहीस?"

"जाईन की. पण अगं, हा कुठं जाणार?"

"मग त्याला मोकळं तरी करायचं. त्र्यंबकेश्वर केवढंसं लांब आहे? लांबलांबून लोक नारायणबळी करायला तिथं येतात."

मावशीनं बशी खाली ठेवली. "ते भाडेकरूनं कसं करायचं? त्याच्या घरच्यांनी करायला हवं. आणि घरचे कोर्टात भांडतायत. वडिलांच्या पिढीपासून."

वाडा पडण्याचं खरं कारण मला त्या एका वाक्यात मिळालं. हिस्सेदार इतके झालेत की कौलं शाकारायचा खर्च कुणीच करत नाही. भाडं पूर्वीचंच, त्यात चुनासुद्धा येत नाही. 2008 च्या पुरात सराफ बाजारात पाणी भरलं तेव्हा खालचं जोतं भिजलं, तेही तसंच राहिलं. आणि पिंपळ? पाखराच्या विष्ठेतून बी येतं, विटांच्या सांध्यातल्या चुन्यात रुजतं. बोटाएवढं असताना उपटलं तर दोन मिनिटांचं काम. पण मुंजाच्या झाडाला हात कोण लावणार? गवंडी आले, पाहून गेले. मालकांना तर ते सोयीचंच होतं. भुताचं निमित्त असलं की दुरुस्तीचं कुणी विचारत नाही.

मला त्या मुलाचा राग येत नाही. ज्यांनी त्याला आधी वाड्यात एकटं सोडलं आणि नंतर भिंत फोडायला त्याचंच नाव वापरलं, त्यांचा येतो.

दुपारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन आले. नारोशंकराच्या देवळातली ती मोठी घंटा पाहिली, रामकुंडावर हात-पाय धुतले. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी होतं. इथली माणसं त्याच्या अंगावर पाणी कुठवर चढलंय यावरून पूर मोजतात. रामकुंडावर दहाव्याचे विधी चालले होते, कावळ्याची वाट पाहत माणसं उभी होती. एका बाईनं पिंडासमोर हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "मुलांचं मी बघते, तुम्ही काळजी करू नका." कावळा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मुंजाला असं कुणी कधी म्हटलं असेल का?

निघण्यापूर्वी मावशी मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली. आदल्या शनिवारच्या पणतीत थोडं तेल उरलं होतं, तीच तिनं पुन्हा लावली. पिंपळाचं खोड आता माझ्या मांडीएवढं झालंय. मुळं भिंतीवरून उतरताना गिलावा घेऊन खाली आलीत, आतल्या पातळ विटा उघड्या पडल्यात. लहानपणी या भेगेत मी चिंचोके लपवायचे, मुंजाला खेळायला म्हणून. तेव्हा दोन बोटं जेमतेम जायची.

मी हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. आत ओल होती, आणि हाताला लागलं ते गार, गुळगुळीत मूळ.

"आहेत का गं चिंचोके?" मावशीनं विचारलं.