पाण्याचं कुंपण

चार वर्षं झाली आम्हाला जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या छोट्या बेटावर, राहायला येऊन. नवऱ्याच्या आजोबांचं घर, थोडे माड, एक बाव म्हणजे विहीर आणि चहूकडे कर्ली खाडी. आलो तेव्हा लेक सहा महिन्यांची होती, आणि आल्या आल्या आम्ही बकऱ्या घेतल्या, कोकण कन्याळ, काळ्याभोर, तोंडावर नाकापासून कानापर्यंत दोन पांढरे पट्टे, इथल्या पावसात टिकणारी आपल्याच भागातली जात. हिशोब साधा होता, चारी बाजूंनी पाणी म्हणजे कुंपणाचा खर्च नाही आणि चोरीची भीती नाही.

मागच्या महिन्यात अलास्काच्या बेटांबद्दल वाचत होते तर तिथल्या लोकांनी नेमका हाच हिशोब केलेला, फक्त बकऱ्यांच्या जागी कोल्हे. फरसाठी. रशियन व्यापाऱ्यांनी १७५० मध्ये अट्टू बेटावर आर्क्टिक कोल्हे नेऊन सोडले, आणि पुढे विसाव्या शतकात फरचे भाव चढले तशी शेकडो बेटं कोल्ह्यांनी भरली. बऱ्याच बेटांवर पिंजरे नाहीतच, कोल्हे मोकळे, त्यांना मासे घालायचे आणि थंडीत अंगावरची फर दाट झाली की खायला घालायच्या जागीच सापळ्यात धरायचे. अशा बेटांवर लहान पोरं घेऊन कुटुंबं राहायची. मी वाचता वाचता त्या बायकांपाशीच अडकले, की पोराला रात्री ताप चढला तर ती काय करत असेल, कारण मला माहितीय ते, सुकती म्हणजे ओहोटी असते, होडी चिखलात रुतलेली असते आणि आपण कपाळावर ओली पट्टी ठेवून पाणी चढायची वाट बघत बसतो.

पण त्या बेटांवर कोल्हे नव्हते तेव्हा पक्षी होते. जमिनीवर चालत येऊन खाणारा कोणी नाही म्हणून बिनधास्त जमिनीवर घरटी करणारे. कोल्ह्यांनी अंडी, पिल्लं, मोठे पक्षी सगळं खाल्लं. अल्युशियन गूज नावाचा बदकाच्या जातीतला मोठा पक्षी तर नामशेष झाला असंच धरलं होतं, १९६२ मध्ये बुल्डिर बेटावर थोडे सापडले, कारण त्या बेटावर कोल्हे पोचलेच नव्हते. पक्षी गेले तशी त्यांची विष्ठा जमिनीत जायची बंद झाली आणि दाट गवताची बेटं खुरटी झाली. १९२९ नंतरच्या मंदीत फरचे भाव पडले, लोक बेटं सोडून गेले, कोल्हे तिथेच राहिले. मग सरकारने कितीतरी वर्षं बेटामागून बेट कोल्हे काढले, तेव्हा कुठे २००१ मध्ये ते गूज धोक्यातल्या यादीतून बाहेर आलं.

हे वाचून मला रात्रभर झोप नाही, कारण दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही बाजारातून दोन पाठी, म्हणजे तरण्या बकऱ्या, स्वस्तात घेतल्या, विकणाऱ्याने लस झालीय म्हणून सांगितलं आणि आम्ही त्याच संध्याकाळी त्या कळपात घातल्या. पाचव्या दिवशी एकीचं नाक वाहायला लागलं, मग जुलाब, मग तोंडात फोड. पीपीआर, शेळ्यामेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा रोग. डॉक्टर फोनवरून सांगत होते, होडीने यायला त्यांना दुसरा दिवस उजाडला. नऊ करडं गेली. शेवटचं मी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं, ओठ इतके सोललेले की बाटलीचं निपल लागलं तरी मान फिरवायचं, लेक चमच्याने दूध सोडत होती आणि ते कडेने गळत होतं. या जुव्यावर रोग चालत येऊच शकत नाही, तो होडीतूनच येतो, आणि होडी आमची होती.

तिवरांचंही, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातल्या झाडांचंही, तेच. पहिल्या वर्षी बकऱ्या खाडीकाठी मोकळ्या सोडायचो, तिवराचा पाला त्या आवडीने खातात, कोवळी रोपं तर बुडखापासून. होडीवाले आबा एकदा थांबून म्हणाले, "गो बाये, बकरां तिवरात सोडू नको. तिवरां गेली काय बांद गेलो, बांद गेलो काय खारा पाणी थेट बावीत." त्या दिवसापासून नवरा सकाळी फणसाचे टाळे तोडून आणतो आणि बकऱ्यांना माचावरच खायला घालतो, हात सोलवटतात पण काठावर आता गुडघाभर नवी तिवरं आलीत.

येत्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, नवा बोकड आणतोय, भांगात पाणी फार ओसरत नाही म्हणून. लसीचा कागद या वेळी आधी डॉक्टरांना दाखवला. जुव्याच्या दुसऱ्या टोकाला झावळ्यांची खोप बांधलीय, एकवीस दिवस तो तिथेच, बादली वेगळी, चपला वेगळ्या, त्याच्याकडे फक्त नवरा जाणार. लेक रोज विचारते त्याला एकट्याला भीती नाही का वाटणार, मग तिनेच ठरवलंय, दुपारी बांधावर बसून ती लांबूनच त्याला गोष्ट सांगणार आहे.