नोबडी वाँट्स धिस, एका दिवसात
आज सुट्टी होती, एकच एपिसोड बघू म्हणून सकाळी ही सिरीज लावली आणि रात्रीपर्यंत पहिल्या सीझनचे १० च्या १० एपिसोड संपले. लॉस एंजेलिसमधला रब्बाय नोआ, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, आणि देवाधर्माशी काही घेणंदेणं नसलेली पॉडकास्टवाली जोआन, दोघं प्रेमात पडतात. ती त्याच्या आईवडिलांकडे जाताना प्रोशुटो घेऊन जाते, म्हणजे डुकराचं मांस, आणि तिच्या लक्षातच येत नाही की हे तिथे चालणार नाही, इतकं वाईट वाटलं मला, किती मनापासून नेलं होतं गं तिने! पण नोआच्या आईचा विरोधही पटला, मुलगा रब्बाय आहे शेवटी. एरिन फॉस्टरने स्वतःच्या आयुष्यावरून केलीय ही सिरीज, तिने स्वतः ज्यू धर्म स्वीकारलाय, म्हणूनच यातली भांडणं एवढी खरी वाटतात. २०२४ पासून का नाही बघितली मी ही! दुसरा सीझन उद्याच.