आमची वाटचाल : तीन नंबरच्या जर्सीपासून

आमच्या कारखान्याचं पहिलं काम म्हणजे एक फाटलेली जर्सी. मी तेव्हा रग्बी क्लबात हुकर खेळायचो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या रांगेत हुकर मधोमध, दोन बाजूंना दोन प्रॉप आणि डोक्यांमध्ये डोकी गुंतवून समोरचे तिघं. प्रॉपने समोरच्याची जर्सी पाठीवर किंवा कुशीत घट्ट धरायची, हा नियमच आहे. म्हणून १५ जणांत सगळ्यात आधी उसवते ती १ आणि ३ नंबरची, म्हणजे प्रॉपची जर्सी, आणि तीही बगलेत. नवा संच घेण्याइतके पैसे क्लबाकडे नव्हते. माझ्या घरी शिलाई मशीन होतं. जर्सी घरी आणली, दुहेरी टीप मारली. पुढच्याच सामन्यात ती त्याच जागी टरकन फाटली.

मग सगळी बगल उसवून बसलो. बाहीच्या आणि कुशीच्या शिवणी एकाच बिंदूवर येऊन मिळत होत्या, म्हणजे सगळा ताण तिथेच. जुन्या शिवणकामात असतो तसा चौबगला, चौकोनी कापडाचा तुकडा, तिथे तिरका बसवला. ताण वाटला गेला, हातही मोकळा वर जाऊ लागला. त्या जर्सीने पुरता हंगाम काढला. आमचा धंदा त्या तुकड्यावर उभा आहे.

दुसऱ्या क्लबांची कामं येऊ लागली, पण पैसे सावकाश यायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण हौशी क्लबाची तिजोरी कशी भरते ते मी आतून पाहिलं होतं. १८७१ मध्ये २१ क्लबांनी मिळून इंग्लंडमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. सामन्यासाठी कामगार खेळाडूंची मजुरी बुडायची. ती भरून देण्यावरून १८९५ मध्ये उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. युनियनच्या खेळात उघडपणे मानधन घेण्याची मोकळीक मिळाली ती थेट १९९५ मध्ये. छोट्या क्लबांत मात्र आजही खेळाडूच वर्गणी भरतो, रेषा आखतो आणि सामना संपला की जर्सी धुवायला घरी नेतो. म्हणून आम्ही वर्गणी जमेल तसे हप्ते घेतले. एकाही क्लबाने आमचे पैसे बुडवले नाहीत.

चूक आमच्याकडूनही झाली. एका मोठ्या संचावर आम्ही चिकटवलेले आकडे दिले. पहिल्याच धुण्यात त्यांना भेगा गेल्या, ९ नंबरचा अर्धा आकडा निघून आला. सगळा संच परत घेतला, पदरमोड करून नवा दिला. तेव्हापासून सब्लिमेशन छपाई करतो. त्यात रंग पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरतो, सुटायला वर काही उरतच नाही.

क्लबाला आणि आम्हाला खरा हात दिला तो सेव्हन्सने, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीने. १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ क्लबाला पैशाची चणचण होती. नेड हेग या खाटकाने सात-सात जणांचे छोटे सामने सुचवले आणि स्पर्धा भरली. आमच्या क्लबाने अडचणीत तोच मार्ग धरला. सात-सात मिनिटांचे दोनच डाव, त्यामुळे एका दिवसात कितीतरी संघ खेळून जातात. त्या दिवशी मैदानाच्या कडेला टेबल मांडून मी फाटलेल्या जर्सी जागच्या जागी शिवून देत होतो. संध्याकाळी वहीत पाच नव्या क्लबांची मापं होती. त्याच महिन्यात दुसरं मशीन घेतलं.

पुढे क्लबात महिलांचा संघ उभा राहिला. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना पुरुषांचीच लहान मापं दिली. खांदे उतरायचे, कंबरेत अडायचं. त्यांच्या कर्णधार ताईंनी जर्सी माझ्यासमोर घालून दाखवली, तेव्हा कुठे डोळे उघडले. नवा बेत कापायला दोन महिने लागले. ते काम फार आधी करायला हवं होतं.

या हंगामासाठी क्लबाच्या चार संघांची मापं आली आहेत, त्यात पहिल्यांदाच लहान मुलांचा एक गट आहे. आता मशीनवर सहा जण बसतात. ३ नंबरचा चौबगला मात्र अजून मीच लावतो.