काथ्याची वीट आणि अजगराची कात

हिवाळ्यात इथे खोल्या सतत गरम ठेवाव्या लागतात आणि घरातली हवा पार सुकून जाते. माणसांचे ओठ फुटतात. आमच्या पाळीव अजगराची, बॉल पायथनची, कात फाटली. एरवी मोज्यासारखी अखंड उतरणारी कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि शेपटीच्या टोकाला एक चिवट कडं अडकून राहिलं. असं कडं आवळत गेलं तर टोकाचा रक्तपुरवठाच तुटतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यातून त्याला हळूहळू सरकू दिलं, तेव्हा ते सुटलं. त्याच दिवशी त्याच्या काचपेटीत अंथरलेले कागद काढले आणि त्यांच्या जागी ओल धरून ठेवणारं कोकोपीट आणायला निघाले.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्याचे लांब धागे काढल्यावर उरणारा भुसा. भारत आणि श्रीलंकेतून तो दाबून, विटा करून जगभर जातो. दुकानात मात्र तो दोन ठिकाणी दिसतो. पाळीव प्राण्यांच्या कप्प्यात पाकिटावर सरड्याचं चित्र असतं, बागकामाच्या कप्प्यात साधं वेष्टन. वस्तू तीच, पण लिटरचा हिशोब केला तर बागकामाची वीट बरीच स्वस्त पडते.

लिटरचाच हिशोब करा, विटेच्या आकारावर जाऊ नका. माझी पेटी १२० बाय ६० सेंटीमीटर. ८ सेंटीमीटरचा थर द्यायचा तर साधारण ५८ लिटर भुसा लागतो. ६५० ग्रॅमची छोटी वीट फुगून ७-८ लिटर होते, म्हणजे तशा आठ-नऊ लागतील. ५ किलोचा एकच ठोकळा ६० लिटरच्या वर जातो.

बागकामाचं घेताना वेष्टन नीट वाचा. खत, कीटकनाशक किंवा पर्लाइट (हलके पांढरे दाणे) मिसळलेलं अजिबात नको. ‘धुतलेलं’, ‘कमी क्षार’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर भिजवून एकदोनदा पाणी बदला.

बादलीत वीट ठेवून गरम पाणी ओतलं की आधी कडा सुटतात, मग थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडतात आणि खोलीभर ओल्या सोडणाचा वास पसरतो. इतक्या लांब, बर्फाच्या दिवसांत तो वास आला की मी बादलीपाशीच बसून राहते.

भुसा मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. पुढे ओल कमी झाली की पाणी कोपऱ्यांतून ओतायचं, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. पृष्ठभाग सतत ओला राहिला तर पोटाखालचे खवले कुजतात. पूर्ण सुकू दिलं तर धूळ उडते, तेही वाईट. पुढची कात डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट एकसंध उतरली.

बिअर्डेड ड्रॅगनसारख्या कोरड्या मुलखातल्या सरड्यांना मात्र हा ओला थर देऊ नका. आणि कुठल्याही प्राण्याचं खाणं भुश्यावर न टाकता ताटलीत द्या, धागे पोटात जायला नकोत.